ड्यूसेनबर्ग मोटारींचा इतिहास आणि शर्यतींतले विजय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या अमेरिकन मोटारींची आवड असलेल्या माणसाशी बोलताना ड्यूसेनबर्गचं नाव निघालं की डोळ्यांसमोर येते ती हॉलिवुडच्या नटांची लांबलचक, चकचकीत गाडी. ती प्रतिमा खोटी नाही. पण ती या कंपनीच्या आयुष्यातल्या शेवटच्या आठ-नऊ वर्षांची आहे. त्याआधीची दीड-दोन दशकं ड्यूसेनबर्ग हे नाव धूळ, तेल आणि शर्यतीच्या मैदानाशी जोडलेलं होतं. पुढच्या श्रीमंती गाडीत जे काही उत्तम होतं, ते त्याच मैदानात सिद्ध झालेलं होतं. म्हणून इथल्या उत्तरांचा जास्त भर शर्यतींवर आहे.

ड्यूसेनबर्ग बंधू कोण होते?

फ्रेडरिक, म्हणजे फ्रेड, आणि ऑगस्ट, म्हणजे ऑगी, हे दोघे सख्खे भाऊ. दोघांचा जन्म जर्मनीतल्या लिपे भागातला, फ्रेडचा १८७६ चा आणि ऑगीचा १८७९ चा. १८८५ च्या सुमारास हे कुटुंब अमेरिकेतल्या आयोवा राज्यात रॉकफर्ड या गावी येऊन राहिलं. चहूकडे शेती होती आणि शेतीची यंत्रं दुरुस्त करता करताच मुलांचे हात तयार झाले. इंजिनिअरिंगचं रीतसर कॉलेजशिक्षण दोघांपैकी कोणाचंही नव्हतं.

फ्रेडने आधी सायकली बनवल्या आणि स्वतःच त्या शर्यतीत पळवल्या. यंत्र बनवायचं, ते स्वतः शर्यतीत घालायचं, कुठे तुटतं ते पाहायचं आणि पुन्हा बनवायचं, ही सवय त्याला सायकलीपासूनच लागली. मोटारींच्या काळातही त्याने ती सोडली नाही. दोघांची कामंही आपोआप वाटली गेली. कल्पना आणि आराखडे बहुतांशी फ्रेडचे असत. ती कल्पना धातूत उतरवणं, शर्यतीच्या गाड्या उभ्या करणं आणि त्या धावत्या ठेवणं हे ऑगीचं काम. नाव फ्रेडचं जास्त झालं, पण शर्यतीतल्या यशात ऑगीचा वाटा मला तरी बरोबरीचा वाटतो.

मग ही जर्मन गाडी म्हणायची का?

नाही. दोघे भाऊ लहानपणीच अमेरिकेत आले, धंदा तिथेच शिकले आणि प्रत्येक गाडी तिथेच बनली. नाव ऐकून हा गैरसमज होतो, एवढंच.

मोटार शर्यतींत ते कधी उतरले?

आयोवाची राजधानी दे मॉइनमध्ये एडवर्ड मेसन नावाच्या वकिलाने फ्रेडच्या गाडीत पैसे घातले. १९०६ साली मेसन मोटार कंपनी निघाली. गाडीला नाव मेसनचं आणि डोकं फ्रेडचं. इंजिन दोनच सिलिंडरचं होतं, पण चढावर आणि मातीच्या रस्त्यावर ते दमत नसे. पुढे कंपनी फ्रेडरिक मेटॅग यांच्या हाती गेली. कपडे धुण्याच्या यंत्रांमुळे अमेरिकेत घरोघरी पोचलेले मेटॅग ते हेच. मोटारींच्या धंद्यात मात्र ते फार काळ रमले नाहीत.

१९१३ च्या इंडियानापोलिस ५०० या ५०० मैलांच्या शर्यतीत विली हॉप्टने मेसन गाडी नवव्या क्रमांकावर आणली. त्याच सुमारास भावांनी मिनेसोटातल्या सेंट पॉलमध्ये स्वतःच्या नावाची कंपनी काढली. तिथे त्यांच्याकडे आलेला एक तरुण म्हणजे एडी रिकेनबॅकर. पहिल्या महायुद्धात २६ हवाई विजय मिळवून जो अमेरिकेचा सर्वांत नावाजलेला लढाऊ वैमानिक झाला, तोच हा. पुढे १९२७ मध्ये त्याने इंडियानापोलिसचं मैदानच विकत घेतलं. ४ जुलै १९१४ रोजी सू सिटीची ३०० मैलांची शर्यत त्याने ड्यूसेनबर्गमधून जिंकली. त्या दिवसांत भावांच्या खिशात फारसे पैसे नव्हते आणि बक्षिसाच्या रकमेवरच पुढची गाडी उभी राहायची. १९१६ मध्ये विल्बर डालीन इंडियानापोलिसला दुसरा आला, तेव्हा या छोट्या कारखान्याकडे मोठ्यांचं लक्ष गेलं.

त्यांच्या इंजिनात वेगळं काय होतं?

सुरुवातीच्या शर्यतीच्या इंजिनांत व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरची दारं उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झडपा, आडवे बसवलेले असत आणि त्यांना हलवायला लांबच लांब, उभ्या दांड्या असत. दिसायला हे विचित्र, पण उघडझाप खात्रीची आणि इंजिन दणकट.

खरा बदल युद्धामुळे झाला. महायुद्धात न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ इथे त्यांच्याकडे विमानाची इंजिनं बनवण्याचं काम आलं. त्यातलं एक होतं एत्तोरे बुगाट्टीच्या आराखड्याचं १६ सिलिंडरचं इंजिन. आठ-आठ सिलिंडरच्या दोन ओळी शेजारी शेजारी उभ्या, अशी त्याची रचना. युद्ध संपलं आणि ती इंजिनं फारशी कामी आली नाहीत. पण एका ओळीत आठ सिलिंडर कसे बसवायचे, लांब क्रँकशाफ्टची (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) थरथर कशी आवरायची, याचा अनुभव भावांच्या गाठीला आला. युद्धानंतर त्यांनी एका ओळीत आठ सिलिंडर आणि वर कॅमशाफ्ट (व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा) असं शर्यतीचं इंजिन केलं. सिलिंडर जास्त म्हणजे प्रत्येक पिस्टन लहान आणि हलका. पिस्टन हलका असला की इंजिन जास्त फेरे घेऊ शकतं, आणि इंजिनाचा आकार नियमाने बांधलेला असताना जास्त ताकद काढायचा तोच एक मार्ग होता.

१९२० चा वेगाचा विक्रम खरा की दंतकथा?

खरा. २७ एप्रिल १९२० रोजी फ्लोरिडातल्या डेटोना बीचच्या वाळूवर टॉमी मिल्टनने ताशी १५६.०४६ मैल, म्हणजे सुमारे २५१ किमी वेग गाठला. गाडीत आठ सिलिंडरची दोन इंजिनं शेजारी शेजारी बसवलेली होती आणि धावताना पुढच्या भागाने पेटही घेतला होता. आदल्याच वर्षी राल्फ डी पाल्माने पॅकार्ड गाडीतून तिथेच ताशी सुमारे २४१ किमी वेग गाठला होता, तो मागे पडला. मात्र हा वेग एकाच दिशेने मोजलेला असल्याने युरोपातल्या संघटनेने त्याला मान्यता दिली नाही. म्हणून काही याद्यांत तो सापडतो आणि काहींत नाही.

मिल्टनला एका डोळ्याने दिसत नसे, तरीही तो त्या काळातल्या सर्वोत्तम चालकांपैकी होता. ही दोन इंजिनांची गाडी त्याच्या मनातली. तो क्युबात हवानाला शर्यतीसाठी गेलेला असताना त्याचा मित्र जिमी मर्फीने ती गाडी वाळूवर पळवून पाहिली आणि ताशी १५० मैलांच्या पुढे नेली. मिल्टनने परत येऊन विक्रम तर केला, पण ही गोष्ट त्याच्या मनाला फार लागली आणि त्याने संघ सोडला. १९२१ ची इंडियानापोलिस ५०० त्याने लुई शेव्रोलेच्या फ्रॉन्टेनॅक गाडीतून जिंकली. त्या दिवशी दुसरा आला रॉस्को सार्ल्स, ड्यूसेनबर्गमधून.

१९२१ च्या फ्रेंच ग्रां प्रीबद्दल एवढं का बोललं जातं?

कारण अमेरिकन गाडी आणि अमेरिकन चालक यांनी युरोपच्या सर्वांत मानाच्या शर्यतीत, युरोपच्या भूमीवर मिळवलेला तो पहिला विजय. अशी दुसरी ग्रां प्री अमेरिकेच्या वाट्याला यायला १९६७ साल उजाडलं. त्या वर्षी बेल्जियममध्ये डॅन गर्नीने स्वतःच्या ईगल गाडीतून ती जिंकली. मधे ४६ वर्षं गेली.

महायुद्धानंतरची ही पहिलीच फ्रेंच ग्रां प्री, ठिकाण ल मान्स. १७.२६ किमीच्या वाटेच्या ३० फेऱ्या, म्हणजे जवळजवळ ५१८ किमी. ड्यूसेनबर्गने चार गाड्या उतरवल्या. दोन अमेरिकन चालक होते, मर्फी आणि जो बॉयर. दोन जागा फ्रेंच चालकांच्या, आल्बेर गियो आणि लुई अँगिबेर यांच्या. सरावातच घात झाला. मर्फीची गाडी उलटली, बरोबर बसलेला अँगिबेर जखमी झाला आणि मर्फीच्या बरगड्यांना मार बसला. अँगिबेरच्या जागी आंद्रे द्यूबोने आला. मर्फी इस्पितळातून उठून, छातीला घट्ट पट्ट्या बांधून गाडीत बसला. ते दिवस कमरेला पट्टा किंवा डोक्यावर शिरस्त्राण असण्याचे नव्हते. बरगड्या दुखत असताना चार तासांहून जास्त वेळ ते जड स्टिअरिंग फिरवायचं म्हणजे काय, याची कल्पनाच करवत नाही.

रस्ता काही फेऱ्यांतच उखडला. पुढच्या गाडीच्या चाकाखालून उडालेले दगड मागच्यांच्या तोंडावर येत. गियोच्या शेजारी बसलेल्या मेकॅनिकला दगड लागून तो जायबंदी झाला, तेव्हा आर्थर द्यूरे नावाचा अनुभवी चालक प्रेक्षकांतून पुढे आला आणि त्याच्या जागी बसला. बॉयरची गाडी मधेच बंद पडली. मर्फी मात्र पुढेच होता. शेवटी शेवटी एका दगडाने त्याचं रेडिएटर फोडलं, पाणी गळू लागलं, टायरही गेला. तशाच गाडीतून, मेकॅनिक अर्नी ओल्सनसह, त्याने रेषा ओलांडली. वेळ ४ तास ७ मिनिटं आणि काही सेकंद, सरासरी वेग ताशी जवळजवळ १२६ किमी.

दुसरा आला राल्फ डी पाल्मा, तब्बल पंधरा मिनिटांनी. तोही अमेरिकन, पण फ्रेंच बॅलो गाडीत. द्यूबोने चौथा आणि गियो सहावा. याच वाटेवर दोन वर्षांनी, १९२३ पासून, २४ तासांची शर्यत सुरू झाली आणि ल मान्स हे नाव जगाला पाठ झालं.

तिथे गाडी नेमकी कशाच्या जोरावर जिंकली?

इंजिनाच्या जोरावर म्हणाल तर बॅलोचं तीन लिटरचं, आठ सिलिंडरचं इंजिन काही कमी नव्हतं. ड्यूसेनबर्गचा फरक ब्रेकमध्ये होता. चारही चाकांना द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक, ही गोष्ट ग्रां प्रीमध्ये नवी होती.

त्याआधीचे ब्रेक दांड्या आणि तारांनी ओढले जात. तारा कमीजास्त ताणल्या गेल्या की एक चाक आधी अडकतं, दुसरं नंतर, आणि गाडी एका बाजूला ओढली जाते. नळीत भरलेल्या द्रवाचा दाब मात्र सगळीकडे सारखा पोचतो. त्यामुळे पुढच्या चाकांना ब्रेक लावूनही गाडी सरळ राहते. ल मान्सच्या लांब सरळ रस्त्यांच्या टोकाला तीव्र वळणं होती. जो चालक वळणाच्या अधिक जवळ जाईपर्यंत वेग राखू शकतो, तो प्रत्येक फेरीत काही सेकंद कमावतो. अशा ३० फेऱ्या झाल्या.

माझ्या मते ड्यूसेनबर्ग बंधूंची खरी थोरवी इथे दिसते. त्याच वर्षाच्या अखेरीस ग्राहकांच्या हाती पडू लागलेल्या त्यांच्या मॉडेल ए गाडीत हेच ब्रेक होते. चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेली, बाजारात विकली गेलेली ती पहिली गाडी. आज आपण रस्त्यावर पेडल दाबतो तेव्हा कामी येतं ते हेच तत्त्व.

इंडियानापोलिस ५०० त्यांनी तीनदा जिंकली की चारदा?

दोन्ही उत्तरं वाचायला मिळतात. चासी (गाडीचा सांगाडा) आणि इंजिन दोन्ही ड्यूसेनबर्गचं, असे विजय तीन: १९२४, १९२५ आणि १९२७. चौथा, खरं तर काळाने पहिला, १९२२ चा. त्यात चासी ड्यूसेनबर्गची आणि इंजिन त्यांचा प्रतिस्पर्धी हॅरी मिलर याचं होतं.

१९२२ ची गाडी म्हणजे ल मान्स जिंकलेलीच गाडी. मर्फीने ती विकत घेतली, तिच्यात मिलरचं नवं इंजिन बसवलं आणि ताशी सरासरी १५२ किमी वेगाने ५०० मैल पार केले. फ्रेंच ग्रां प्री आणि इंडियानापोलिस ५०० या दोन्ही शर्यती जिंकलेली ही एकमेव गाडी. त्या वर्षी पहिल्या दहांतले बहुतेक जण ड्यूसेनबर्गमध्येच होते. पण पहिला आलेला माणूस भावांचं इंजिन काढून दुसऱ्याचं घालून आला होता, हे त्यांना बोचलं असणारच.

१९२४ पर्यंत नियमाने इंजिनाचा आकार दोन लिटरवर आला होता. ड्यूसेनबर्गने त्यावर सुपरचार्जर आणला. वेगाने फिरणारा पंखा हवा आणि पेट्रोलचं मिश्रण सिलिंडरमध्ये दाबून भरतो, म्हणजे लहान इंजिन मोठ्यासारखं काम करतं. जो बॉयरने पहिल्याच फेरीत आघाडी घेतली, पण त्याची गाडी कुरकुरू लागली. दुसरी गाडी एल. एल. कोरम शांतपणे चालवत होता. शर्यत निम्मी झाल्यावर फ्रेडने कोरमला उतरवलं आणि बॉयरला त्या गाडीत बसवलं. बॉयरने जीव तोडून एकेकाला मागे टाकलं आणि अर्ल कूपरच्या पुढे निघून शर्यत जिंकली. विजेते म्हणून कोरम आणि बॉयर दोघांचीही नावं नोंदली गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अल्टूना इथल्या लाकडी मैदानावर बॉयर अपघातात गेला. दोन आठवड्यांनी सिराक्यूसला मर्फीही गेला. त्या शर्यती आठवताना ही किंमतही आठवायलाच हवी.

१९२५ मध्ये पीटर डी पाओलो जिंकला. ल मान्सला दुसऱ्या आलेल्या डी पाल्माचा हा भाचा. पुढच्या आसाला त्याने आपल्या तान्ह्या मुलाचे बूट शुभ म्हणून बांधले होते. हाताला फोड आले तेव्हा मधल्या काही फेऱ्या नॉर्मन बॅटनने चालवल्या. सरासरी ताशी १०१.१३ मैल, म्हणजे सुमारे १६३ किमी. या शर्यतीत शंभर मैलांची सरासरी तेव्हा पहिल्यांदाच ओलांडली गेली.

१९२७ चा विजेता जॉर्ज साउडर्स या शर्यतीत पहिल्यांदाच उतरलेला होता. नावाजलेल्या चालकांतला एकही त्याच्या पुढे टिकला नाही.

आणखी एक गाडी इथे सांगायला हवी. १९३१ मध्ये ड्यूसेनबर्गच्या चासीवर कमिन्सचं डिझेल इंजिन बसवून डेव्ह एव्हान्सने ५०० मैल एकदाही न थांबता पूर्ण केले. क्रमांक तेरावा आला, पण तसं त्या शर्यतीत आधी कोणी केलं नव्हतं.

हॅरी मिलरशी त्यांचं वैर होतं का?

वैर म्हणण्यापेक्षा चुरस. मिलर लॉस एंजेलिसचा. त्याच्या गाड्यांचं काम अत्यंत देखणं असे आणि पैसे मोजणाऱ्या कोणालाही तो गाडी विकत असे. ड्यूसेनबर्ग बंधू आपल्या संघासाठी गाड्या बनवत. त्यामुळे १९२० च्या दशकात मैदानात मिलरच्या गाड्यांची गर्दी वाढत गेली आणि विजयांची संख्याही. गंमत अशी की मिलरच्या आठ सिलिंडर इंजिनाला आकार देण्यात मदत केली ती ड्यूसेनबर्ग सोडून आलेल्या टॉमी मिल्टनने. भावांनी माणसं तयार केली आणि ती माणसं पुढे प्रतिस्पर्ध्याकडे गेली, असं त्यांच्या बाबतीत एकदाच झालं नाही.

मॉडेल ए इतकी प्रगत होती तर ती विकली का गेली नाही?

उशीर झाला, हे पहिलं कारण. १९२० च्या नोव्हेंबरमध्ये न्यू यॉर्कला गाडी दाखवली, लोक खूश झाले. मग फ्रेडला वाटलं की इंजिन अजून चांगलं करता येईल. आडव्या व्हॉल्व्हची रचना काढून वर कॅमशाफ्ट असलेलं इंजिन करायचं ठरलं. नवा कारखाना इंडियानापोलिसला उभा राहत होता. पहिल्या गाड्या ग्राहकांकडे जाईपर्यंत १९२१ साल सरत आलं होतं, आणि तोवर अमेरिकेत मंदी येऊन गेली होती.

दुसरं कारण दिसण्याचं. साडेसहा हजार डॉलरच्या आसपास किंमत मोजणाऱ्याला गाडी श्रीमंत दिसायला हवी असते. मॉडेल ए आतून विलक्षण होती आणि बाहेरून साधी. १९२३ मध्ये इंडियानापोलिसच्या मैदानावर एक मॉडेल ए सलग ३,१५५ मैल, म्हणजे पाच हजार किमीहून जास्त, न थांबवता पळवली. पेट्रोलसुद्धा शेजारी धावणाऱ्या दुसऱ्या गाडीतून भरलं. त्याच वर्षी ५०० मैलांच्या शर्यतीत सर्वांत पुढे चालणारी मार्गदर्शक गाडीही ड्यूसेनबर्गच होती आणि ती स्वतः फ्रेडने चालवली. इतकं करूनही पाच-सहा वर्षांत साधारण ६५० गाड्याच गेल्या. पैशांचे व्यवहार भावांच्या हातात नव्हते आणि तो त्यांचा पिंडही नव्हता. १९२४ मध्ये कंपनी अवसायनात गेली.

ई. एल. कॉर्डने काय केलं?

एरेट लोबन कॉर्ड हा जन्मजात विक्रेता. बुडत चाललेली ऑबर्न कंपनी त्याने सावरली होती. १९२६ मध्ये त्याने ड्यूसेनबर्ग विकत घेतली आणि फ्रेडला सांगितलं की जगातली सर्वांत उत्तम गाडी बनव. ऑगी शर्यतीच्या गाड्यांचं काम वेगळं सांभाळत राहिला.

मॉडेल जे मध्ये असं काय होतं?

१ डिसेंबर १९२८ रोजी न्यू यॉर्कच्या प्रदर्शनात ती आली. एका ओळीत आठ सिलिंडर, ६.९ लिटर, वर दोन कॅमशाफ्ट, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. ही रचना तोवर शर्यतीच्या गाड्यांची मानली जायची. कंपनीने ताकद सांगितली २६५ अश्वशक्ती, म्हणजे दुसऱ्या कोणत्याही अमेरिकन गाडीच्या दुपटीहून जास्त. वरचा वेग ताशी सुमारे १९० किमी, आणि दुसऱ्या गिअरमध्येच दीडशे. इंजिनं कॉर्डच्याच मालकीच्या लायकमिंग कंपनीत फ्रेडच्या आराखड्याप्रमाणे बनत. डॅशबोर्डवर उंची आणि हवेचा दाब दाखवणारं यंत्र, वेळ मोजायचं घड्याळ, तेल बदलायची आणि बॅटरीत पाणी घालायची आठवण देणारे दिवे.

कंपनी विकायची फक्त चासी, तीही साडेआठ हजार डॉलरला. बॉडी ग्राहकाने आपल्या पसंतीच्या कारागिरांकडून करून घ्यायची. पॅसाडिनाची मर्फी कंपनी (चालक जिमी मर्फीशी तिचा संबंध नाही), लबॅरन, रोलस्टन अशी मोठी नावं त्यात होती. अनेक देखण्या आराखड्यांमागे गॉर्डन ब्युरिग या तरुणाचा हात होता. पूर्ण गाडी तेरा हजारांपासून वीस हजार डॉलरपर्यंत जाई. फोर्डची साधी गाडी तेव्हा पाचशे डॉलरच्या आसपास मिळायची.

वर्षाला पाचशे गाड्यांचा बेत होता. पहिल्या गाड्या रस्त्यावर येऊन वर्षही झालं नव्हतं तोच १९२९ चा शेअर बाजार कोसळला. सगळ्या वर्षांत मिळून ४८१ गाड्याच बनल्या.

एसजे आणि एसएसजे म्हणजे काय?

१९३२ मध्ये आलेली एसजे म्हणजे सुपरचार्जर बसवलेली जे. तीच १९२४ च्या शर्यतीतली युक्ती, आता रस्त्यावरच्या गाडीत. ताकद ३२० अश्वशक्ती. अशा ३६ गाड्या बनल्या. एसएसजे दोनच, आखूड चासीवरच्या, १९३५ च्या. एक गॅरी कूपरला आणि एक क्लार्क गेबलला दिली. कूपरची गाडी २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिलावात २ कोटी २० लाख डॉलरला गेली.

फ्रेडला मात्र एसजेचा काळ फारसा लाभला नाही. जुलै १९३२ च्या सुरुवातीला पेनसिल्व्हेनियातल्या डोंगराळ रस्त्यावर स्वतः एसजे चालवत असताना त्याला अपघात झाला. सावरतोय असं वाटत असतानाच न्यूमोनिया झाला आणि २६ जुलैला तो गेला. वय ५५.

फ्रेडनंतर वेगाचं काम थांबलं का?

नाही. ऑगी होता. ऑगस्ट १९३५ मध्ये युटातल्या बॉनव्हिल इथल्या मिठाच्या सपाट मैदानावर ॲब जेंकिन्सने एक खास ड्यूसेनबर्ग सलग २४ तास पळवली. सरासरी ताशी २१८ किमी. ही गाडी एसजेच्या चासीवर होती आणि तिचं इंजिन ऑगीने सिद्ध केलं होतं. पुढे तिच्यात विमानाचं इंजिन बसलं आणि ती मॉरमन मीटिअर या नावाने ओळखली गेली. जेंकिन्स नंतर सॉल्ट लेक सिटीचा महापौर झाला.

भारतात कधी ड्यूसेनबर्ग होती का?

होती, आणि ती एका मराठी घराण्याच्या मालकीची होती. इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांनी १९३५ ची एसजे घेतली. होळकरांचं मूळ नीरेकाठच्या होळ गावचं. बॉडी लंडनच्या जे. गर्नी नटिंग यांच्याकडून करून घेतली. चासी सर्वांत लांब निवडली, पुढच्या-मागच्या चाकांत जवळजवळ ३.९ मीटरचं अंतर, आणि एवढ्या लांबीवर बसायला माणसं दोनच. रंग नारिंगी आणि काळा.

यशवंतरावांची नजर आधुनिक होती. एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाकडून त्यांनी इंदूरचा माणिकबाग राजवाडा त्याच दशकात नव्या शैलीत सजवून घेतला होता. त्यामुळे संस्थानिकांची हौस म्हणून ही गाडी बाजूला टाकणं मला पटत नाही. जाणकाराने केलेली ती निवड होती. गाडी पुढे अमेरिकेत गेली. आजही ड्यूसेनबर्गच्या सर्वांत सुंदर गाड्यांची नावं घेतली की इंदूरचं नाव निघतं.

कंपनी बंद का पडली? आणि गाड्या आता कुठे पाहता येतील?

१९३७ मध्ये कॉर्डचा सगळा उद्योगसमूह कोसळला आणि ड्यूसेनबर्गही त्यात गेली. ऑगीने १९४७ च्या सुमारास नाव पुन्हा उभं करायचा प्रयत्न केला, त्याला यश आलं नाही. तो १९५५ मध्ये वारला. १९६६ मध्ये त्याच्या मुलाच्या सहभागाने एक नमुना गाडी बनली, पण तीही एकटीच राहिली.

इंडियाना राज्यातल्या ऑबर्न गावी, ऑबर्न कंपनीच्या १९३० च्या मुख्य कचेरीतच, १९७४ पासून ऑबर्न कॉर्ड ड्यूसेनबर्ग संग्रहालय आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला तिथे दरवर्षी उत्सव भरतो आणि जुन्या गाड्या रस्त्यावर चालत येतात. अमेरिकेत राहणाऱ्या कोणाला जमणार असेल तर त्या दिवसांत जावं, म्हणजे इंजिनाचा आवाजही ऐकायला मिळेल. कॅलिफोर्नियात असाल तर सिलमारच्या नेदरकट संग्रहात १९३३ च्या शिकागो प्रदर्शनासाठी बनलेली, वीस हजार डॉलर किमतीमुळे ट्वेंटी ग्रँड म्हणून ओळखली जाणारी एसजे आहे.